वाकड्या तासांची शाळा

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, तिफण धरायचे तेव्हा रानाखालच्या ओढ्याच्या पुलावर माणसं थांबायची. खोटं सांगत नाही. पेडगावकडं निघालेला गाडीवान बैल उभे करायचा, एसटीचा कंडक्टर खिडकीतून मान बाहेर काढायचा. तिफणीच्या तीन नळ्यांतून बी पडतं आणि पीक उगवून त्याची जी ओळ दिसते, तिला आमच्याकडं तास म्हणतात. मामांचा तास रानाच्या माथ्यावरून निघाला की थेट खाली ओढ्याला टेकायचा, मधे केसाएवढा वाक नाही. ज्वारी वीतभर झाली की पुलावरून बघणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी दोरी ताणून रान आखलंय. लोक वाखाणायचे आणि मामा दुसरीकडं बघून मिशी पुसायचे. त्यांच्याकडं दुसरं होतं तरी काय? ते एक उताराचं रान, एक बैलजोडी आणि हे नाव.

त्या नावाला मी हात लावला. विशी उलटली नव्हती, अक्कल बेताची होती, आणि उत्साह मात्र इतका की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "हिला जरा बांधून ठेवा रे कुणीतरी."

मी दहावी पास होते. गावात दहावी पास सून म्हणजे चावडीवरचा रेडिओ. कौतुक सगळ्यांना, आणि बंद कधी करायचा हेही सगळ्यांनीच ठरवायचं. सरकारनं गावोगावी प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले तेव्हा बायकांच्या वर्गाला शिकवायला बाई पाहिजे म्हणून मला विचारलं. माझे यजमान परभणीला मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर कामाला होते, रविवारी घरी यायचे. त्यांनी "शिकव की" म्हणलं आणि मी दुसऱ्याच दिवशी पाट्या घेऊन लिंबाखाली जाऊन बसले. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, रानात काम नाही. बाया आल्या. गावातल्या एका पोत्यावर बसल्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या दुसऱ्या पोत्यावर, आणि दोन पोत्यांच्या मधे एक बैलगाडी सहज जाईल एवढी जागा. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या भागात जाळपोळ झाली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते. वस्तीवरच्या बायांनी आपली घरं वाचवायला काय काय केलं होतं ते गावातल्या बायांना ठाऊक होतं, आणि आपल्याला ते ठाऊक आहे हे त्यांना कुणालाच दाखवायचं नव्हतं. अशा त्या दोन पोत्यांच्या मधे उभी राहून मी 'क कमळाचा' शिकवत होते. कमळ कुणीच पाहिलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आठवडाभरात निम्म्या बाया गळाल्या. उरलेल्यांत वस्तीवरची एक मावशी होती, चाळीस वर्षं गावातल्या झाडून सगळ्या रानांत खुरपत आलेली. ती मला म्हणाली, "बाई, हे क काढायला शिकून रानातली हरळी निघंल का?" मला असा राग आला म्हणता! पाटी आपटली आणि म्हणलं, "मग तुमीच सांगा काय शिकवू."

मावशी रागावली नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "उद्या समद्याजणी मूठमूठ माती आणा. ज्येच्या त्येच्या रानातली. कुणाची ते सांगू नका."

दुसऱ्या दिवशी बाया मातीच्या पुरचुंड्या घेऊन आल्या. मावशीनं डोळ्यांवर पदर घेतला, एकेक मूठ तळहातावर घेतली, बोटांत चुरली, नाकाला लावली, एकदा तर जिभेलाही लावली. आणि सांगत सुटली. ही विहिरीजवळच्या पट्टीची, हिला शेणखत मिळतं. ही माळाची, हिच्यात चुनखडी. ही तुझ्या दिराची गं, तूर घेतो न् पाला तिथंच पडू देतो, म्हणून मऊ. एक चुकली नाही! बाया खदाखदा हसायच्या, टाळ्या पिटायच्या. मग प्रत्येकीलाच ओळखायचं होतं, आणि माती ओळखायला हातांना हात लागतात, पोती लांब राहून चालत नाही. ती दोन पोती कधी जवळ आली ते मला आठवतही नाही. हवेत तरंगत होते मी. त्या दुपारपासून मी मास्तरीण आणि मावशी माझी मास्तरीण, असा आमचा वर्ग चालू झाला.

शेवटची मूठ मी आणली होती, ओढ्याच्या तळातून. मुद्दाम. म्हणलं, आता बघू. मावशीनं चुरली, थांबली, परत चुरली. "ही तर तुमच्या उताराच्या रानातली हाय," ती म्हणाली. मी म्हणलं, "चुकलात! ओढ्यातली हाय." तर ती शांतपणे म्हणाली, "ओढ्यात हाय, पन हाय तुमचीच. दरसाली पावसात तुमच्या मामाचं रान सरळ तासातून सरळ वढ्यात उतरतं. म्या तितं खुरपते ना, मला खालचे गोटे वर आलेले दिसत्यात."

मला त्या दुपारी घरी जाऊन गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. मी आत्याबाईंना सांगितलं, मामा ओसरीत असताना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नसे, सून सासऱ्याशी तर नाहीच. मला काही सांगायचं असलं की मामा दावणीच्या बैलाला सांगायचे. तेव्हा ते बैलाला म्हणाले, "बैला, आमी चाळीस मिरग पेरलं. आता आमाला वस्तीवरच्या बाया पेरनी शिकवायल्यात." आणि जेवायला उठले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं, पण भीतीच्या वर थोडा उत्साह होताच.

त्याच सुमारास आम्हा शिकवणाऱ्या बायांचं परभणीला चार दिवसांचं शिबिर झालं. तिथं एक म्हातारे गुरुजी होते. बाकीचे साहेब भाषण द्यायचे, हे गुरुजी बांबू तासत बसायचे. मी त्यांना विचारलं, उताराची माती कशी थांबवायची? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू वर्षानुवर्षं ते याच प्रश्नाची वाट बघत होते. दोन बांबू वरच्या टोकाला बांधले, खाली पाय फाकवले, मधे एक आडवी काठी बांधली. वरून सुतळीला दगड सोडला. झालं औजार. सुतळी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की समजायचं, दोन्ही पाय एका पातळीवर आहेत. तिथं खूण करायची. मग एक पाय तिथंच रोवायचा, दुसरा गर्रकन फिरवून पुढं टाकायचा, परत सुतळी मधे आणायची, परत खूण. असं करत रानभर गेलं की त्या खुणांची जी रेघ होते तिच्यावर पाणी ना इकडं जातं ना तिकडं. त्या रेघेनं आडवं पेरलं की प्रत्येक तास पाण्याला अडवतो. रेघ अर्थातच वाकडी येते, कारण जमीनच वाकडी असते.

"दोन गोष्टी विसरू नका," गुरुजी म्हणाले. "फिरवायचं म्हणजे फिरवायचंच, उचलून ठेवायचं नाही. म्हणजे औजारात खोट असली तरी एका पावलाची दुसऱ्या पावलात फिटते. आणि औजारात काहीही बदल केला तर उलटसुलट ठेवून तपासा." मी मान डोलावली. मी तेव्हा इतकी खूश होते की त्यांनी विहिरीत उडी मारायला सांगितली असती तरी मान डोलावली असती.

गावात येऊन आम्ही तसंच बनवलं आणि बायांनी त्याचं नाव ठेवलं घोडी. मग काय, धिंगाणा! शाळेपासून विहिरीपर्यंत पाणी कसं चालतं ते बघ, मारुतीच्या पारापासून चावडीपर्यंत बघ. एकजण घोडीचा हा पाय धरायची, दुसरी तो, तिसरी सुतळी बघायची आणि बाकीच्या चुन्याची चिमूट टाकत मागून. आठ दिवसांत सगळ्या गावावर चुन्याच्या वाकड्या रेघा. सरपंचाच्या ओट्यासमोरून एक रेघ गेली तर तिथं कळलं, की त्यांच्या न्हाणीचं पाणी शेजारणीच्या दारात का येतं. दोन घरांचं बारा वर्षांचं भांडण त्या रेघेवर उभं राहून नव्यानं सुरू झालं. पाट्यासुद्धा परत आल्या, कारण कुठली रेघ कुणाच्या दारातून गेली हे लिहून ठेवायला आता बायांना अक्षरं पाहिजे होती. "बाई, म मारुतीचा आधी शिकवा, क ऱ्हाऊ द्या." मी रात्रंदिवस हसत होते त्या दिवसांत, कारण असो नसो.

पण रान कोण देणार? वाकडे तास म्हणजे आमच्याकडं नाक कापून घेणं. ज्याचा तास वाकडा तो एक तर पिऊन आला, नाही तर बायकोशी भांडून. पुरुष म्हणायचे, पोरखेळ हाय, रांगोळ्या काढू द्या त्यांना. आणि मग चावडीवर दुसरंही बोलणं सुरू झालं, की अमक्याची सून वस्तीवरच्या बायांच्या खांद्याला खांदा लावून घोडी नाचवत फिरते.

ते मामांच्या कानावर गेलं. संध्याकाळी ते दावणीशी उभे राहिले आणि बैलाला म्हणाले, "घरातल्या शाळंला सांग. माथ्याकडचा एक पट्टा देतो. मिरगाच्या आधी नांगर मी धरीन, रेघा त्येंनी आखाव्या. पानी थांबलं तर शाळा खुशाल चालू दे. पानी चाललं तर घोडी चुलीत आन् शाळा बंद. मग खुरपं घिऊन रानात."

वर्ग बंद म्हणजे? ती दुपार नाही, ती माती नाही, मावशी नाही, पुन्हा चूल आणि पदर. मला तो वर्ग माझ्या जिवापेक्षा प्यारा झाला होता, सरळ सांगते. आणि दुसऱ्या क्षणी आनंदानं उड्या माराव्या वाटल्या, कारण मामांनी, आमच्या मामांनी, रान दिलं होतं.

रेघा आखायच्या दिवशी सकाळी मी घोडी काढायला गेले तर तिच्या एका पायाला खाली चप्पल ठोकलेली. टायरच्या तळाची, जाडजूड, जुनी. नव्या घराला, नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून चप्पल बांधतात तशी. वरून हळदकुंकू. हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती, आत्याबाईंची दुसरी चप्पल उंबऱ्याशी एकटीच पडली होती. ज्या आत्याबाई कधी वर्गाकडं फिरकल्या नाहीत, ज्या माझ्या पाट्यांना ठिकऱ्या म्हणायच्या, त्यांनी माझ्या घोडीला दृष्ट लागू नये म्हणून पहाटे उठून खिळे ठोकले होते! मला इतकं भरून आलं आणि इतकं हसू आलं, की गुरुजींचं काय ते सगळं डोक्यातून पार उडालं.

आणि पुढची गंमत ऐका. घोडी फिरवली की चपलेचं तोंड मागं व्हायला लागलं. बाया थबकल्या. चप्पल उलटी झाली की घरात भांडणं होतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पट्ट्यावर पहिल्याच दिवशी चप्पल उलटी चालवायची? छे! "उचलून ठिवू बाई, चप्पल म्होरंच ऱ्हाऊ द्या," असं ठरलं. मी म्हणलं, बरं. रस्त्याच्या बाजूनं सुरुवात करायची, चप्पल पुढं घालून चालत चालत आखाड्यापर्यंत जायचं, कारण आखाड्यावर आत्याबाईंनी चहा ठेवला होता. आखाडा म्हणजे रानातला आमचा गोठा आणि छप्पर. परत मोकळ्या हातांनी रस्त्याकडं यायचं, पुन्हा चप्पल पुढं. दिवसभर गाणी म्हणत आम्ही रेघा आखल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी त्या रेघांवरून नांगर घातला, तोंड असं करून की जणू कुणी त्यांना घागरा नेसवलाय.

चौथ्या दिवशी दुपारी वळीव आला. आम्ही सगळ्या डोक्यावर पोती घेऊन रानाकडं पळालो, पाणी थांबलेलं बघायला. पाणी थांबलं नव्हतं. प्रत्येक रेघेतून ते ओळीनं, शिस्तीत, घाई न करता चाललं होतं, पिंगळीच्या ठेसनातून आगगाडी निघावी तसं, आणि सगळ्याच्या सगळ्या रेघा आखाड्याकडं! आखाड्यात गुडघाभर पाणी. मामा बाजेवर पाय वर घेऊन बसलेले, समोरून त्यांचा तांब्या तरंगत गेला, मागून विड्यांचं बंडल, आणि तिफणीच्या शेंड्यावर कोंबडी बसून सगळ्यांना शिव्या घालत होती. मामा माझ्याकडं बघत होते. आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदाच असं सरळ बघितलं असेल. आणि मला हसू आलं. माझ्या हसण्यासारखा माझा वैरी नाही. पदर तोंडात कोंबला, जीभ चावली, तरी फुटलंच. माझं ऐकून मावशी फुटली, मग सगळ्याजणी. आम्ही चिखलात बसून हसलो आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते कळलं नाही.

मामा बाजेवरून उतरले, पाण्यातून चालत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "घोडी चुलीत." बैल जवळ नव्हता, म्हणून त्यांनी ते छपराच्या मेढीला सांगितलं.

पाऊस थांबल्यावर बाया घरी गेल्या. मावशी मात्र रेघांच्या काठानं एकटीच फिरत राहिली. मग येऊन माझ्याजवळ बसली. "बाई, रडू नका, मला एक सांगा. आपली एक रेघ चुकली आसती, दोन चुकल्या आसत्या, तर म्हणलं आसतं आपलं हात चुकले. पन ह्या समद्या सारख्याच चुकल्यात. समद्या एकाच अंगाला, सारख्याच तिरप्या. म्हंजी चूक आपल्या हातात न्हाई. घोडीत हाय."

आम्ही घोडी आडवी केली. तो टायरचा तळ दोन बोटं जाड होता. पुढचा पाय प्रत्येक पावलाला दोन बोटं खाली, प्रत्येक पावलाला, पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत. फिरवली असती तर फिटलं असतं. फिरवली नाही. तपासलीही नाही. गुरुजी कानात बोलल्यासारखे आठवले आणि मला वाटलं, त्या ओढ्यात जाऊन बसावं.

सांगायला सोपं होतं. चप्पल आत्याबाईंची, खिळे आत्याबाईंचे. एवढं सांगितलं असतं तर मी सुटले असते आणि कदाचित वर्गही. संध्याकाळी मी घोडी घेऊन ओसरीत गेले. बैलाला सांगितलं नाही, मेढीला सांगितलं नाही, पदर सावरला आणि मामांच्या समोर उभी राहिले. "मामा, घोडी खोटी न्हाई. पायाला चप्पल होती म्हणून रेघा तिरप्या गेल्या. मला तपासायला शिकवलं होतं, मी तपासलं न्हाई. चूक माझी हाय."

मामांनी घोडीच्या पायाची चप्पल बोटानं चाचपली. मग, "चप्पल कुणाची?"

"माझीच."

"ही म्या आणलेली चप्पल हाय," मामा म्हणाले. "तुझी कशी आसंल?"

दाराआडून आत्याबाईंचा आवाज आला. "म्या ठोकली. दिष्ट लागू ने म्हणून."

"कुणाची दिष्ट?"

"गावाची. समदं गाव पोरीकडं बगायलंय. लागंल न्हाई तर काय."

मला तोंड कुठं लपवावं कळेना. लग्न होऊन आल्यापासून या बाईला मी मनातल्या मनात काय काय म्हणत होते! मामांनी पकड मागितली, एकेक खिळा उपसला, चप्पल बाजूला ठेवली. मग घोडी ओसरीत उभी केली, सुतळी बघितली, घोडी उलट फिरवून त्याच जागी ठेवली, पुन्हा सुतळी बघितली. तिफणीची नळी झिजली की ते अशीच तपासायचे, एक डोळा मिटून. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "ही सुतळी मधी आली म्हंजे काय समजायचं?"

मी सांगितलं. एकदा, दोनदा. त्यांनी चार ठिकाणी घोडी ठेवून बघितली आणि म्हणाले, "मिरग अजून यायचाय." एवढंच. घोडी चुलीत गेली नाही, पण शाळेचंही काही बोलले नाहीत.

आम्ही पट्टा पुन्हा आखला. यावेळी फुगडी घातल्यासारखी घोडी फिरवली, दर पंधरा पावलांनी तपासली, आणि कुणी गाणं म्हणलं की मी डोळे वटारायचे. मामांनी पुन्हा नांगर घातला. मग आम्ही मिरगाकडं डोळे लावून बसलो, पाणी थांबतंय का चालतंय ते बघायला. आणि तो मेला पाऊस आला तो असा मवाळ, असा लाजत लाजत, दोन दिवस भुरभुर, की ना धड वाहिला ना थांबला. जिथं पडला तिथंच मुरला. सरळ तासात पडला असता तरी मुरलाच असता. ओल मात्र पेरणीजोगी झाली. माझं काहीच सिद्ध झालं नाही. वर्ग राहणार की जाणार, ते जिथल्या तिथंच.

पेरणीच्या सकाळी सगळा वर्ग बांधावर येऊन बसला. मामांनी माथ्याच्या पट्ट्यावर तिफण लावली. चाड्यावर मूठ मीच धरली होती, म्हणजे तिफणीच्या तोंडात बी सोडत मागून चालायचं काम. पहिला तास वाकडा. दुसरा त्याच्याशेजारी तसाच वाकडा. बैलांनाही पटेना, ते सवयीनं ओढ्याकडं ओढायचे आणि मामा कासरा खेचून त्यांना वळणावर आणायचे. पुलावर माणसं थांबली. नेहमीसारखीच थांबली होती, पण आज हसायला. त्यांतला एकजण ओरडला, "काका, आज तिफण बैलानं धरली का तुमी?" पूल हसला. मामांच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. ते थांबले नाहीत, मागं वळले नाहीत. मला वाटलं, हे सगळं मी केलं. एका चांगल्या माणसाला मी भर पुलासमोर उभं केलं. माझं मुठीकडं लक्ष राहिलं नाही आणि बी कुठं दाट पडलं, कुठं विरळ.

पट्टा संपला. शेवटच्या तासाच्या खाली मामांचं रान सुरू होत होतं, आमच्या कराराबाहेरचं, जिथं त्यांनी आता बैल वळवायचे, तोंड ओढ्याकडं करायचं आणि सरळ खाली सुटायचं होतं. बैलांना ते कळलं, त्यांनी आपण होऊनच वळायला सुरुवात केली. मामांनी कासरा ओढला. बैल उभे. पुलावरचे लोकही गप्प झाले, आता खरा तास बघायला मिळणार म्हणून. मामा कमरेवर हात ठेवून आपल्या रानाकडं बघत राहिले, मग पट्ट्याकडं, मग परत रानाकडं.

"त्या दिशी पानी दोन बोटं तिरपंच चाललं," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता पण मलाच. "ना जास्त, ना कमी. जितकी चप्पल होती तितकंच. आसं किती औजारांचं आसतं?"

मी मुठीतलं बी परत ओटीत टाकलं.

"मग? पुढच्या रेघा कुठं हायत?"

पुढच्या रेघा नव्हत्याच. मामांनी फक्त पट्टा दिला होता, मी पट्टाच आखला होता. मी तसं सांगितलं तर मामा चिडले. "आन् ओल काय तुमच्यासाठी थांबून ऱ्हाणार हाय का? बोलव तुझ्या शाळंला!"

बोलवायची गरज पडली नाही, बांधावर सगळ्या उभ्याच होत्या. मावशीनं घोडीचा एक पाय धरला, दुसरा आत्याबाईंनी, आणि दोघी ओल्या ढेकळांतून धडपडत, एकमेकींवर खेकसत आमच्याकडं पळत आल्या.